वाघोबा मेजवानीत काय जेवला?

सोमवार, ३ फेब्रुवारी

"ताई, शंका आल्या तर घरी जाऊन कागदावर उतरवा. प्रुफावर नको." — झाला हुकूम!

रंगराव म्हणजे आमचे प्रकाशक. वय सत्तर. बोलले की जुन्या लोखंडी कपाटाचं दार उघडल्यासारखं वाटतं, आणि आत गोडधोड काही नसतंच. मंडईमागच्या त्यांच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं प्रुफं तपासते. काना, मात्रा, स्वल्पविराम. काम एवढंच. पण गोष्टीतच चूक असेल तर? हात शिवशिवतो! दिवाळीत एका कादंबरीच्या समासात मी पेन्सिलीने एकेचाळीस शंका लिहिल्या. नायक पान ३० वर विधुर आणि पान ८८ वर बायकोला फोन करतो — विचारायचं नाही? लेखक पुस्तक उचलून दुसरीकडे गेले. आज रंगराव म्हणाले, "आणखी एक लेखक दुखावला, तर पुढचं पुस्तक तुमच्याकडे नाही. त्याच्या पुढचंही नाही."

म्हणजे काय ते कळलं. प्रुफं तपासायला आता माणूस ठेवतंय कोण? आणि मला दुसरं येतं काय?

म्हणून ही रोजनिशी. पाठकोऱ्यांवर. ऑफिसातली जुनी प्रुफं मी घरी आणते — एक बाजू छापलेली, दुसरी कोरी करकरीत. त्यांच्यावर शंका लिहायच्या, आणि उद्या ऑफिसात तोंडाला कुलूप.

नवं पुस्तक आलंय. 'जांभूळबनातली मंडळी'. मुलांसाठी बारा गोष्टी. लेखिका गोदाबाई, निवृत्त शिक्षिका, आयुष्यातलं पहिलं पुस्तक. ९ मार्चला त्यांचा ब्याऐंशीवा वाढदिवस, त्याच दिवशी प्रकाशन. हॉलसुद्धा ठरलाय. गोष्टीतले सगळे प्राणी बोलतात, कपडे घालतात, एकमेकांकडे हळदीकुंकवाला जातात.

पान ७. कोंबडीताईंची बेकरी. "कोंबडीताईंनी केकसाठी सहा अंडी फोडली आणि छान फेटली." कुणाची अंडी? स्वतःची? मग हा केक आहे की गुन्हा? शेजारणीची? मग शेजारीण गप्प कशी? आणि पुढच्याच पानावर त्यांची पिल्लं केक खाऊन म्हणतात, "आई, आणखी!"

मी प्रुफावर फक्त 'पिल्ल'वर अनुस्वार दिला. कसा दिला ते माझं मला माहीत.

उद्या: बटाटे, कोथिंबीर, बिलालचं खोकल्याचं औषध.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पान १५. कोल्हेबुवांनी मगरकाकांच्या दुकानातून नव्या चामडी चपला घेतल्या. बनात सगळेच बोलणारे, सगळेच गिऱ्हाईक. मग चामडं आलं कुठून? मगरकाकांच्या दुकानात आत गेलेलं गिऱ्हाईक बाहेर येतं का, हे कुणी तरी मोजायला हवं.

पान १८. ससेराव नदीत पडतात. कोट वाहून जातो. "ससेराव लाजेने झुडपाआड लपले." अहो, कोटाखाली त्यांनी आधीपासूनच काही घातलेलं नाही! चित्रात स्वच्छ दिसतंय. इतके दिवस ती लाज कुठे होती?

पान २०. दूरदेशीचा करकोचा पहिल्यांदाच बनात येतो आणि उतरल्या उतरल्या म्हणतो, "जांभळं फारच रसाळ आहेत हो!" दोन्ही ळ स्वच्छ. आमच्या विश्रांतवाडीच्या इमारतीत पंधरा वर्षं राहिलेल्या लोकांना जमत नाहीत. करकोच्याला क्लास कुणी लावला होता?

लेखिकाबाई जंगलात कधी गेलेल्या दिसत नाहीत. गेल्या असतील तर सहलीला, डबा घेऊन.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पान २३. "सापाने जोरजोरात टाळ्या वाजवल्या." मी काही बोलले नाही!

शनिवार, ८ फेब्रुवारी

आजची शंका सगळ्यांत मोठी. पान ४१. ससेरावांच्या लग्नाची मेजवानी.

पाहुणे कोण कोण? हरणांचं कुटुंब. बोकडाचा बँड. बदकं, मोर, रानडुक्कर आचारी. नदीतून मान वर काढून मासेसुद्धा गाणी म्हणतात. आणि मग थाटात येतात वाघोबा. सगळे उठून उभे राहतात. "वाघोबा पाटावर बसले, पोटभर जेवले आणि त्यांनी समाधानाने ढेकर दिला."

वाघोबा जेवला काय?

पाहुण्यांची यादी आणि वाघाच्या जेवणाची यादी एकच आहे! पंक्तीत कोण कमी झालं का? लेखिकाबाई मोजत नाहीत. मी मोजले. पंगतीआधी हरणं पाच, वरातीत हरणं पाच. बदकं सात, नंतरही सात. म्हणजे कुणाला खाल्लं नाही. मग पोट भरलं कशाने?

नवऱ्याला, बिलालला, विचारलं. तो खिडकीत बसून कुणाचं तरी शिलाई मशीन उघडत होता. मान वर न करता म्हणाला, "भाजी खाया होगा. शादी में क्या करता बेचारा!"

"वाघ? भाजी?"

"मग जिलेबी."

मी म्हटलं, वाघ भाजी-जिलेबीवर भागवत असेल, तर नवव्या गोष्टीत त्याची डरकाळी ऐकून सगळे झाडावर का चढतात? भाजी खाणाऱ्याला कोण घाबरतं? आणि तो खाणारा असेल, तर त्याला लग्नाचं आमंत्रण कुणी दिलं? मशीन बाजूला राहिलं. आम्ही दोघं अर्धा तास वाघाच्या जेवणावर भांडलो. शेवटी बिलाल म्हणाला, "तू पूछ ले ना उनको." — विचार ना त्यांनाच!

एवढं सोपं असतं तर.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज खरं काय ते लिहिते. हा कागद इतर कागदांत ठेवणार नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवणार.

गोदाबाई माझ्या बाई. येरवड्याची शाळा, तिसरी ब, खिडकीजवळचा दुसरा बाक. रंगरावांना मी हे सांगितलेलं नाही. घरी आम्ही दखनी बोलायचो. मराठी मला त्यांनी दिली. माझा ळ त्यांनी घडवला — रोज मधल्या सुट्टीत पाच मिनिटं, "काळा, पिवळा, जांभळा" म्हणायला लावून. मला गोवर झाला तेव्हा पुस्तकं घेऊन घरी आल्या होत्या. अम्मीने केलेला शिरखुर्मा दोनदा मागून घेतला होता.

शनिवारी शेवटच्या तासाला गोष्ट सांगायच्या. त्यांची स्वतःची. जांभूळबनात सशाचं लग्न. हीच! अडतीस वर्षांत एक शब्द बदललेला नाही. वाघोबा आले, जेवले, ढेकर दिला. वर्गात नियम होता — शंका आली तर उभं राहायचं. मी उभी राहिले. विचारलं, "बाई, वाघोबा जेवला काय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "हिच्या अब्बांच्या दुकानातलं मटण!"

अब्बांचं दुकान शाळेच्या कोपऱ्यावरच होतं. वर्ग हसला. इतका हसला! मी बाईंकडे बघत होते. त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "खाली बस, नाजिमा."

ओरडणाऱ्याला नाही. मला.

मी बसले. ती बसलेच. कॉलेजात कधी हात वर केला नाही, ऑफिसात कधी तोंड उघडून विचारलं नाही. जगाला विचारते ते पेन्सिलीने, समासात, माणूस समोर नसताना. आणि आता ती गोष्ट माझ्याच टेबलावर आली, तर पेन्सिलीलाही बंदी!

मला बाईंचा राग आहे की नाही, तेच कळत नाही. हस्तलिखितातलं त्यांचं अक्षर मात्र बघवत नाही. किती थरथरतंय. फळ्यावर मोत्यासारखं काढायच्या.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रुफं परत दिली. समास कोरे! रंगरावांनी उलटून पालटून पाहिले, उजेडात धरून पाहिले — पेन्सिलीने लिहून खोडलंय की काय! मग "हं" म्हणाले. त्यांच्याकडचं हे मोठ्यात मोठं कौतुक.

बाईंनी मनोगत पाठवलं होतं, तीन पानं, लाल शाईत. ते अक्षर आता लागत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे मी रात्री घरी पाठकोऱ्यांवर स्वच्छ लिहून काढलं आणि प्रुफांच्या शेवटी चिमट्याला लावून धम्मदीपकडे दिलं. धम्मदीप आमचा कंप्युटरवाला. दहा वर्षं तिथंच, कानात कायम गाणी. त्याचा बाणा ठरलेला — "ताई, मी वाचत नाही, टाकतो. वाचलं की चुका होतात." माझ्या अक्षरात जे येईल ते तो डोळे मिटून पुस्तकात टाकतो.

एक शंका इथेच लिहून ठेवते. पान ५६. खारूताई बैलगाडी हाकते. बनात मुंगी बोलते, डास बोलतो, पाण्यातला बेडूक तर थांबतच नाही. बैल बोलत नाही. बारा गोष्टींत एकदाही नाही! त्याला तोंड दिलं असतं तर तो पहिल्यांदा म्हणाला असता, "उतरा खाली." म्हणून दिलं नसणार.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आमची मांजर, नाव चटई. सकाळपासून दुधापुढे बसून आहे, बोलत काही नाही. पण तिच्यात एकही विसंगती नाही!

सोमवार, २४ फेब्रुवारी

या अल्लाह! काय करून बसले मी!

अंतिम प्रुफं शनिवारी बाईंच्या घरी गेली. त्यांना छापण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी सगळं बघायचं होतं. आज सहज ऑफिसातली प्रत चाळली. बारा गोष्टी, बरोबर. मनोगत, बरोबर. त्यापुढे एक नवं पान. वर ठळक अक्षरांत मथळा —

सोमवार, ३ फेब्रुवारी.

माझी रोजनिशी! सुंदर टाइपात, मुलांच्या पुस्तकाच्या मोठ्या अक्षरांत. कोंबडीताईंची अंडी. मगरकाकांच्या चपला. करकोचा. साप. मध्येच "बटाटे, कोथिंबीर, बिलालचं खोकल्याचं औषध". आणि शनिवारचा वाघ, अख्खाच्या अख्खा, बिलालच्या जिलेबीसकट. शेवटी धम्मदीपने एक छोटंसं फूलही टाकलंय.

मनोगत आणि रोजनिशी — दोन्ही माझ्या अक्षरात, दोन्ही पाठकोऱ्यांवर, दोन्ही घरच्या एकाच टेबलावर. चिमट्यात काय काय लावलं ते मी बघितलंच नाही. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधते मी!

धावत घरी. पिठाचा डबा उचलला. अकरा तारखेचा कागद आहे! आहे! म्हणजे शाळेचं, अब्बांचं, "खाली बस"चं बाईंना कळलेलं नाही. छापून गेलंय त्यात माझं नावही कुठे नाही. नुसती "ताई".

पण "जंगलात कधी गेलेल्या दिसत नाहीत, गेल्या असतील तर सहलीला, डबा घेऊन" — हे गेलंय.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

स्वतःच जाऊन सांगितलं. रंगरावांनी चष्मा लावला आणि सगळं वाचलं. सावकाश. एकदा परत मागे गेले. मी खुर्चीच्या कडेला बसलेली.

"कपाट," ते म्हणाले.



"लोखंडी. जुनं. ठीक. पण 'आत गोडधोड काही नसतंच' हे चूक आहे. खालच्या खणात आलेपाक असतो. एकोणीस वर्षांत उघडून बघितला नाहीत?"

मला हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी चष्मा काढला. "बाईंनी पुस्तक मागे घेतलं, तर मी काय बोललो होतो ते तुमच्या लक्षात आहे. मीच बोललोय, तर मला ते पाळावं लागेल."

धम्मदीप दाराशी उभा होता. म्हणाला, "ताई, आयुष्यात पहिल्यांदा टाकताना वाचत गेलो. वाघाचं मला पण समजलं नाही."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

बाईंचा फोन आला. रंगरावांना. "मी सांगेपर्यंत छापू नका." आणि मग, "हे लिहिणाऱ्या कोण?"

"मी नाव सांगितलं नाही," रंगराव म्हणाले. "म्हटलं, आमच्याकडे एक ताई आहेत, फार वाचतात. तर म्हणाल्या, 'बरं.' आणि ठेवला."

नुसतं 'बरं'. बाईंचं 'बरं' मला माहीत आहे. त्याच्या मागोमाग छडीही यायची आणि शाबासकीही. कळायचं नाही.

रंगरावांनी खालचा खण उघडून आलेपाकाची वडी पुढे केली. कपाटाचं दार इतकं हळू उघडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणजे माझे दिवस भरले!

रविवार, २ मार्च

पहिला रोजा. भुकेचं काही वाटलं नाही, डोक्यात दुसरंच होतं.

नोकरी जाईल. जाऊ दे, असं म्हणवत नाही, पण जाईल. त्याहून वाईट वाटतंय ते वेगळंच. बाईंच्या हातात आयुष्यातलं पहिलं पुस्तक आलं, आणि त्याच्या शेपटाला मी! नऊ तारीख आठवड्यावर आली आहे. प्रेस थांबलेलं. त्या घरी बसून कोंबडीची अंडी वाचत असतील. मला पाच मिनिटं ळ शिकवणारी बाई!

मी त्यांच्या चुका शोधल्या नाहीत खरं तर. मला ते बन इतकं आवडायचं की तिथे वाघाने कुणाला तरी खाल्लं असेल, ही शंका मला सहन व्हायची नाही. तिसरीतही तेच होतं. मला चिडवायचं नव्हतं कुणाला. मला फक्त खात्री हवी होती की हरणं पाचच्या पाच आहेत.

हे बाईंना कोण सांगणार?

बिलाल इफ्तारीला म्हणाला, "फोन कर." मी खजूर तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागलं नाही.

बुधवार, ५ मार्च

बाईंकडून प्रुफं आली. वर रंगरावांसाठी चिठ्ठी, लाल शाईत: "शेवटचं प्रकरण काढू नये. फक्त बटाटे काढावेत. नऊ तारखेपर्यंत होत असेल तर छापावं, नाहीतर मी थांबेन."

माझ्या प्रत्येक शंकेसमोर बाईंची बरोबरची खूण. अंड्यांसमोर. चपलांसमोर. सहलीच्या डब्यासमोरही — खूण, आणि "खरं आहे. पोळी-भाजी." वाघाच्या शंकेसमोर मात्र खूण नव्हती. तिथे समासात थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं:

"हा प्रश्न मला आयुष्यात एकाच मुलीने विचारला होता. त्या दिवशी मला उत्तर आलं नाही, म्हणून मी तिला बसवलं. उत्तर अजून आलेलं नाही. उभी राहा, नाजिमा."

मी उभी राहिले. तिथंच, टेबलाशी.

रंगराव म्हणाले, "बसा हो ताई."

नाही बसले.